म्हणे, रोटी रक्तातच असते

मी जितकी वर्षं मांडवात रोटी करायला बसले, त्यातली शेवटची वीसेक वर्षं मी कधी घाम पुसला नाही. परातीत पडू नये म्हणून मान तेवढी वळवायची, बाकी कपाळावरून वाहतो तर वाहू दे. एकदा एका नवरीच्या मामीनं टॉवेल आणून माझ्यापुढे धरला. म्हणाली, "पुसा नं बाई, पाहुणे पाहून राहिले."

"पाहू द्या," मी म्हणाले. "पाहाले पाहिजेच त्यायनं."

मामीला वाटलं, बाई तिरसट दिसते. तिरसट आहेच मी. पण जन्मतः नव्हते, तेवढं लक्षात ठेवा. जन्मतः काय असतं आणि काय नसतं, त्यावरच तर सगळं रामायण झालं.

आमच्याकडची लांब रोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू धुवायचा, बाजेवर वाळवायचा, बारीक दळायचा आणि पीठ पातळ कापडातून गाळायचं. मिठाच्या पाण्यात सैल कणीक भिजवायची, इतकी सैल की ती परातीत बसून राहत नाही, पसरते. मग ती उचलायची आणि आपटायची, उचलायची आणि आपटायची, तासभर. तेवढं केलं की तिला तार सुटते. मूठभर गोळा घ्यायचा, तळव्यांवर खेळवायचा, तिथून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत उतरवायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. दोन हातांवर ती हातभर लांब होते, तिच्यातून पलीकडचं माणूस दिसायला लागतं, आणि तेवढ्यात ती चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायची. एकदा ताणलेली रोटी थांबत नाही. टाकायला उशीर झाला की हातावरच फाटते.

माय हे काम करायची. लग्न असो, तेरवी असो, उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत मायला निरोप यायचाच. तिचं माहेर खाप्याचं, तिचं मडकंही खाप्याच्या कुंभाराकडचं. दुसऱ्या मडक्यावर ती रोटी टाकायची नाही. कन्हान नदीच्या मातीचं मडकं तडकत नाही, असं तिचं म्हणणं होतं. तडकायचं तेही. पण मायपुढे ते बोलायची सोय नव्हती.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ताईनं नवव्या वर्षी पहिल्यांदा कणकेला हात लावला आणि रोटी झाली. खोटं नाही सांगत. माय पाणी आणायला नळावर गेली होती, ताईनं गंमत म्हणून गोळा उचलला, हातावर घोळवला आणि मडक्यावर टाकला. माय आली तेव्हा रोटी फुगून राहिली होती. मायनं डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवला आणि म्हणाली, "अवं माय! हे कोणी केली?"

मी त्याच दिवशी हट्टानं दुसरा गोळा उचलला. तो माझ्या कोपरावरून खाली मातीत पडला.

तिथून पुढे सहा वर्षं. सहा! माझी रोटी मधोमध फाटायची. फाटली नाही तर एका बाजूनं जाड राहायची. जाड राहिली नाही तर मडक्यावर टाकताना हात मडक्याला लागायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत चर्र व्हायचं. ते डाग आजही आहेत, मोजून दाखवीन. गहू काही फुकट येत नव्हता, म्हणून माझ्या फाटक्या रोट्या घरात सगळ्यांना खाव्या लागायच्या. बाबा मिलमधून यायचे, ताटात बघायचे आणि म्हणायचे, "आज लहानीनं केलेली दिसते. कवळी लावून खा लागते." दात सगळे शाबूत होते त्यांचे. मी रडायचे, ताई हसायची.

मी ताईला विचारायचे, "ताई, कसी करतं वं तू?"

"असी," ताई म्हणायची आणि करून दाखवायची.

"असी म्हंजे कसी?"

"आता मले काय मालूम? होते."

तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या हाताला सगळं समजायचं आणि तिला काहीच सांगता यायचं नाही. पावसाळ्यात कणीक चिकट व्हायची, ताईच्याही हातावर बसायची नाही, तेव्हा ती परात ढकलून उठायची. "आज कणीकच खराब आहे," म्हणायची. मी मात्र त्या खराब कणकेपाशी बसून राहायचे. थोडं मीठ वाढवून पाहा, हात कोमट पाण्यात बुडवून पाहा, कणीक आणखी अर्धा तास आपटून पाहा. मला जमतच नव्हतं तर चांगल्या कणकेनं तरी माझं काय भलं होणार होतं?

मायनं शेवटी मला ओला पंचा दिला. बाबांचा जुना, विरलेला. तो भिजवून, पिळून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि कणीक समजून फिरवायचा. बोटं उघडी ठेवायची, त्यांची टोकं लावायची नाहीत, कारण टोकानं भोक पडतं. आणि कोपर खाली येऊ द्यायचं नाही, कारण कोपर खाली आलं की सगळं वजन मधे येतं आणि रोटी फाटते. माय चुलीपुढे बसून फुंकणी हातात धरून माझ्याकडे बघायची. कोपर जरा खाली आलं की फुंकणी कोपरावर. "कोपर वर! कोपर वर कर वं!" झोपेतसुद्धा मी कोपर वर करून निजायचे, असं ताई सगळ्या वस्तीला सांगत फिरायची.

सहाव्या वर्षी जमलं. आणि जमलं ते असं जमलं की नंतर कुठल्याही गव्हाची, कुठल्याही ऋतूत कणीक द्या, मी रोटी करून दाखवीन. तरीही ताईची रोटी माझ्याहून चांगली होती, हे मी आजही कबूल करते. उपजत काही नसतंच असं म्हणणाऱ्यातली मी नाही. असतं, माझ्या घरातच होतं. पण ताईच्या हातात होतं, माझ्या नव्हतं. एकाच मायच्या पोटच्या दोघी आम्ही.

कामाबरोबर मायनं आम्हाला मांडवाची रीतही शिकवली. रोटीवालीनं दमलेलं दिसायचं नाही. घाम पदरानं टिपून घ्यायचा, चटका लागला तर हूं की चूं करायचं नाही, धूर डोळ्यात गेला तरी हसत, गप्पा मारत रोटी टाकायची. "रोटीवाली थकली दिसली का पंगतीतला मानूस पोटभर जेवत नाही," माय म्हणायची. "त्याले वाटते, अजून एक कसी मांगू?" मायच्या हातची रोटी खाताना कोणाला कधी तसं वाटलं नाही. ती हसायची आणि लोक मागत राहायचे.

धूर मात्र हसण्यानं जात नाही. मी विशीत आले तोवर माय खोकायला लागली होती. आधी थंडीत, मग बारा महिने. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, चूल सोडा. नाहीतर चूल तुम्हाला सोडणार नाही." बाबांची मिल तेव्हा कधी चालू तर कधी बंद. ताई लग्न होऊन भंडाऱ्याकडे गेली होती. चूल सोडायची तर घरात दुसऱ्या कोणाचा तरी पगार यायला हवा होता, आणि दुसरं कोणी म्हणजे मीच. मॅट्रिक झालेली, बिनकामाची.

अशात बायकांच्या एका प्रशिक्षण केंद्रात जागा निघाली. तिथे शिवण, विणकाम आणि स्वयंपाक शिकवत. आपल्या भागातले पदार्थही शिकवायचे असं कोणाच्या तरी मनात आलं होतं, त्यासाठी स्वयंपाकाच्या वर्गाला एक शिक्षिका हवी होती. मॅट्रिक पास, आणि लांब रोटी करता आली पाहिजे. मला तर वाटलं, माझं नाव तेवढं घालायचं राहिलं. माय म्हणाली, "हे झालं नं पोरी, तर म्या मडकं फोडूनच टाकतो." खाप्याचं मडकं फोडायला निघालेली बाई! तिला किती सुटायचं होतं ते मला तेव्हा कळलं.

मी सोबत मडकं, गाळलेलं पीठ, लाकडं, सगळं रिक्षात घालून नेलं. परीक्षा घ्यायला दोघं होते. केंद्राच्या मोठ्या बाई आणि वरच्या ऑफिसातून आलेले एक साहेब. मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, चूल पेटवली, आणि मी बसले.

त्या दिवसासारख्या रोट्या मी आयुष्यात कमी वेळा केल्या असतील. एकही फाटली नाही, एकही जाड नाही. आणि सगळा वेळ मी हसत होते. मायनं निघताना बजावलं होतं, "घाम दिसू देजो नोको." मी पदरानं असा टिपला की कोणाला कळलं नाही. एकदा मडक्याला हात लागला, कातडी पांढरी पडली, मी साहेबांना विचारलं, "गरम आहे तवर अजून एक घेता का जी?" कणकेनं माखलेल्या हातावरचे जुने डाग काही दिसत नाहीत. नवा तरी कुठून दिसणार?

साहेबांनी तीन खाल्ल्या. मोठ्या बाईंचा त्या दिवशी उपास होता. कुठला ते मी विचारलं नाही.

मग मला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले.

"कुठं शिकलात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"घरीच."

"किती दिवस लागले?"

आता इथे मी गाढवपणा केला. 'सहा वर्षं' हे शब्द ओठावर आले होते. पण मनात म्हटलं, सहा वर्षं सांगितली तर यांना वाटेल ही मठ्ठ आहे. ताईला एक दिवस लागला होता. शिवाय आपल्या कष्टाची टिमकी आपणच वाजवायची आमच्याकडे पद्धत नाही. मी खाली बघत म्हणाले, "पाहून पाहून येते जी."

साहेब मोठ्या बाईंकडे वळून खुशीत म्हणाले, "पाहिलंत? यांच्यात हे उपजतच असतं. रक्तातच असतं! किती सहज करतात, घामसुद्धा नाही."

मला ती तारीफ वाटली हो! मी मान खाली घालून हसले, आणि जागा मिळालीच समजून मडकं तिथेच अंगणात ठेवून आले. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

आठ दिवसांनी निकाल विचारायला गेले. जागा दुसरीला दिली होती. तिच्याकडे गृहविज्ञानाचा डिप्लोमा होता. मी मोठ्या बाईंना विचारलं, "पण त्यायले रोटी येते का?"

"शिकतील की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मले येते. आजच येते. मंग मले काहून नाही?"

मोठ्या बाई समजुतीनं बोलल्या. लहान मुलाला समजावतात ना, तशा. "अगं, तुझी रोटी छानच आहे, त्यात वादच नाही. पण ही शिकवायची जागा आहे. तुला ते जन्मतःच येतं. तुला कधी शिकावंच लागलं नाही. ज्याला स्वतःला शिकावं लागलं नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या व्हरांड्यात कळलं. मला शिकावं लागलं नाही? मला? माझ्या फाटक्या रोट्या सहा वर्षं अख्ख्या घरानं चावल्या, त्या कोणाच्या रक्तातून आल्या होत्या? आणि रक्तातच असतं तर ताईच्या वाट्याला आलं आणि माझ्या वाट्याचं कुठं सांडलं? आणि 'यांच्यात' म्हणजे कोणाच्यात हो? छप्पन साली दीक्षाभूमीवर माय-बाबा उभे होते तेव्हा मी मायच्या कडेवर होते. अमक्याच्या पोटी जन्मला म्हणून त्याला अमकंच काम येतं, हे मागे टाकायला ते तिथे गेले होते. वीस वर्षांनी मला एक शिकलेली बाई तेच पुन्हा सांगत होती. तारीफ म्हणून सांगत होती आणि त्याच तारिफेनं माझी जागा काढून घेत होती!

हे सगळं मी बोलले का? नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "माझं मडकं मागं राहिलं आहे." ते घेतलं आणि घरी आले. मायनं परत आलेलं मडकं उचललं आणि चुलीपाशी ठेवलं.

पंधरा दिवसांनी डिप्लोमावाल्या बाई आमच्या दारात उभ्या. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, प्रताप नगरात राहायच्या, तेव्हा तिकडे निम्मी घरं बांधून व्हायची होती. दोन बस बदलून आल्या होत्या. एप्रिलात केंद्राचं प्रदर्शन होतं, त्यात लांब रोटी करून दाखवायची होती, आणि यांच्या हातून कणीक परातीबाहेर येत नव्हती. म्हणाल्या, "मावशी, मला शिकवाल का?"

"मावसी खोकलून राहिली," मी आतून म्हणाले. "जिले जागा देल्ली तिले येत नसन तर ते तिनं पाहावं."

बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सहायिकेची जागा निघणार आहे. मी मोठ्या बाईंना तुमच्यासाठी सांगीन."

माय मला चुलीमागे घेऊन गेली. "शिकव तिले," म्हणाली. "तुयासाठी नाही तर मायासाठी शिकव." आणि खोकत सुटली. मी पंचा भिजत घातला.

साडेतीन महिने शिकवलं. आठवड्यातून तीन दुपारी. ओल्या पंच्यापासून सुरुवात केली. ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "कणीक कधी द्याल?" मी म्हटलं, "पंचा फाटेल तेव्हा." तिचा गोळा खाली पडायचा तेव्हा का पडला ते मला तिच्याआधी कळायचं, कारण तशाच्या तसा माझा पडलेला असायचा. आता अंगठा आत जाईल, आता भोक पडेल. आता मडक्याला भिऊन ही लांबूनच टाकेल आणि रोटीची घडी होईल. सगळं मला पाठ होतं. सहा वर्षांतली पाच माझी चुका शोधण्यात गेली होती, त्या चुका तिला आयत्या हातात मिळाल्या. म्हणून तिला साडेतीन महिन्यांत जमलं. तिनंही मेहनत केली, नाही म्हणत नाही मी. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली घरून घेऊन आली होती. महिन्याभरानं आमच्या माठातलं पाणी स्वतः उठून प्यायला लागली. दुसरा महिना लागला तशी माझ्या ओरडण्यावर वर्गातल्या मुलीसारखी "हो बाई" म्हणायला लागली. आधी गमतीत, मग सवयीनं.

"कोपर वर!"

"हो बाई."

"बोटं उघडी!"

"हो बाई."

मला ते आवडायचं, कशाला खोटं सांगू. मला पहिल्यांदाच कोणी तरी बाई म्हणत होतं.

सगळं शिकवलं तिला. एकच शिकवलं नाही. घाम टिपून हसायची मांडवाची रीत. माय म्हणाली, "तेबी सांग नं." मी म्हटलं, "ते आपलं आहे. राहू दे आपल्यापाशी." एवढा तरी आकस मनात ठेवायचा मला हक्क होता. तोच आकस माझ्या अंगावर उलटला, ते आता सांगते.

प्रदर्शनाच्या दिवशी बाईंनी मला मदतीला बोलावलं. चूल लावायची, कणीक आपटून द्यायची, मडक्याखाली इस्तो, म्हणजे विस्तव, सारखा ठेवायचा. मडकं आमचंच होतं. एप्रिलातलं नागपूर, भर सकाळी दहा वाजता अंगण तापलेलं. बाजूच्या टेबलावर आमरस. साहेब आले, मोठ्या बाई आल्या, पन्नासेक पाहुणे भोवती उभे राहिले. डिप्लोमावाल्या बाई रोटी टाकायला लागल्या. माझ्या निम्म्या आकाराची होत होती, पण रोटी होती. आणि बाई घामानं निथळत होत्या. केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला, चटका बसला की "आई गं!" म्हणून ओरडायच्या आणि हात झटकायच्या.

पाहुणे हळहळत होते. मोठ्या बाईंनी रसाबरोबर दोन रोट्या खाल्ल्या. त्या दिवशी त्यांचा उपास नव्हता. कणीक तेवढी माझ्या हातची होती.

साहेबांनी एक घास घेतला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय मेहनत घेतली हो बाई तुम्ही! बघा, बघा, किती कष्टाचं काम आहे हे! ही खरी साधना."

मग त्यांचं लक्ष चुलीपाशी बसलेल्या माझ्याकडे गेलं. ओळखलं त्यांनी मला. हसून म्हणाले, "आणि तुम्हीही, इस्तो छान लावता हं."

तीच रोटी! तेच मडकं, तीच कणीक. माझ्या हातावर होती तेव्हा रक्त, तिच्या हातावर गेली की साधना! मी चुलीतलं जळतं लाकूड धरलं आणि बाहेर ओढलं. दुसरं ओढलं. तिसरं. मडक्याखालची आग गेली. उठायचं, मडकं उचलायचं आणि घरी जायचं, असंच माझ्या डोक्यात होतं. तापलं मडकं उचलता येत नाही, हे रागाच्या भरात आठवलं नाही.

बाईंच्या दोन्ही हातांवर तेव्हा रोटी ताणलेली होती. त्यांनी विझलेल्या चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ताणलेली रोटी थांबत नाही. ती मधे लोंबायला लागली, बाई घाबरल्या, आणि त्यांचं उजवं कोपर खाली यायला लागलं.

आणि माझ्या तोंडून निघालं. मी काढलं नाही, निघालं. "कोपर वर! बोटं उघडी ठेवा, श्वास सोडा, कोपर वर!"

"हो बाई!" त्या ओरडल्या, आणि कोपर वर गेलं.

पन्नास माणसांनी ऐकलं होतं. साहेबांचा घास हातातच राहिला. ज्या मोठ्या बाईंनी मला सांगितलं होतं की मी कोणाला शिकवू शकणार नाही, त्या ताटलीतल्या रसाकडे बघत होत्या. डिप्लोमावाल्या बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण हात हलले नाहीत, रोटी फाटली नाही. चांगली शिकवली होती मी तिला. मी लाकडं पुन्हा आत सारली, फुंकर मारली. रोटीनं काय वाकडं केलं होतं कोणाचं?

"वा, काय जोडी जमली आहे!" साहेब हसत म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळे पुढच्या विणकामाच्या टेबलाकडे गेले.

सहायिकेची जागा पुढच्या वर्षी निघाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. डिप्लोमावाल्या बाईंनी माझ्यासाठी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. त्या तिथून निवृत्त होईपर्यंत लांब रोटी शिकवत होत्या आणि त्यांच्या मुली कोपर वर धरून रोटी करायच्या, असं ऐकते.

त्या दिवशी घरी आले तर माय बाजेवर उठून बसली होती. "काय म्हनले वं साहेब?"

"तिनं लय मेहनत केली म्हनले."

"आन तुयाबद्दल?"

"इस्तो चांगला लावतो म्हने मी."

माय आधी हसली. मग हसता हसता खोकायला लागली, ती कितीतरी वेळ थांबली नाही. मी तिची पाठ चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी कामठी रोडला एका लग्नाचं काम होतं. मी एकटी जाते म्हटलं, तर माय म्हणाली, "चारशे मानसं हायेत, एकटीले होते का तुले?" मडकं तिनंच उचलून रिक्षात ठेवलं. डॉक्टरनं सोडायला सांगितलेली चूल तिनं स्वतःच पेटवली. धूर सगळा तिच्या तोंडावर आला. मी कणीक आपटत होते, मान वर करून पाहिलं. पहिली पंगत बसायला लोक मांडवात शिरत होते. त्यांना पाहून मायनं पदरानं घाम टिपला, खोकला आतल्या आत गिळला, आणि हसली.